कै., वै., कालकथित, मरहूम : नावाआधी आपण काय लिहितो?

प्रश्न गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या सचिव बाईंचा आहे. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून आज हयात नसलेल्या अकरा संस्थापक सभासदांच्या नावांची पाटी वाचनालयात लावायचं ठरलं. पेंटरने सवयीने अकराही नावांआधी ‘कै.’ घातलं. त्या नावांत एक मुसलमान गृहस्थ आहेत, एक ख्रिस्ती शिक्षिका आहेत आणि एक बौद्ध काका आहेत. काकांचा मुलगा पाटी बघून शांतपणे म्हणाला, “आमचे बाबा कैलासाला गेलेले नाहीत. आम्ही ते मानत नाही.” त्यावर दुसऱ्या एका सभासदांचं म्हणणं, “अहो, कै. म्हणजे नुसतं ‘आता नाहीत’. त्यात धर्म कुठे आला?” बाई विचारतात, यांतलं खरं कोणाचं? आणि सगळ्यांना चालेल असा एखादा शब्द आहे का? ‘दिवंगत’ कसा वाटतो?

मुलाचं खरं आहे. ‘कै.’ हे कैलासवासी या शब्दाचं संक्षिप्त रूप, आणि कैलासवासी म्हणजे कैलासावर राहायला गेलेला. माणूस मेल्यावर कुठे जातो, या प्रश्नाला शिवभक्तांनी दिलेलं ते उत्तर आहे. मराठेशाहीतल्या कागदपत्रांत शिवाजी महाराजांचा उल्लेख ‘कैलासवासी’ असा येतो, तो याच श्रद्धेतून. पुढे हा शब्द इतका रुळला की विष्णुभक्तांच्या नावाआधीही बसू लागला. पण रुळला म्हणून त्यातला कैलास पुसला गेला, असं मला वाटत नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. आजोबा माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरला पायी जाण्याचा त्यांचा नेम शेवटपर्यंत टिकला. ते गेल्यावर फोटोखाली ‘कै.’ छापून आलं. आजीने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “हे वैकुंठाला गेलेत.” दुकानदाराला ते चूक वाटेना, पण आजी हटली नाही. शेवटी ‘वै.’ करून आणलं तेव्हाच फोटो भिंतीवर लागला. शाळेत फार न शिकलेल्या त्या बाईला कै. आणि वै. यांतला फरक ऐकू येत होता. ज्या शब्दातला अर्थ कुणा एकाच्या तरी कानाला जागा असतो, त्याला ‘नुसता शब्द’ म्हणता येत नाही.

‘स्वर्गीय’ किंवा ‘स्व.’ लिहून सुटका होईल असं अनेकांना वाटतं. होत नाही. एक तर स्वर्गीय म्हणजे स्वर्गातलं, स्वर्गासारखं. स्वर्गीय सूर, स्वर्गीय सौंदर्य असं आपण जिवंतपणी अनुभवलेल्या गोष्टींबद्दल म्हणतो. दुसरं म्हणजे हिंदू विचारात स्वर्ग हा शेवटचा मुक्कामच नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे, ‘क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति’. पुण्य सरलं की माणूस पुन्हा मर्त्यलोकात येतो. म्हणजे ‘स्वर्गवासी’ म्हटलं की परतीचा प्रवासही मान्य केला, आणि वैकुंठवासी म्हणणाऱ्याला तर परत येणं नकोच आहे. एकाच धर्मातली दोन घरं एकाच माणसाला दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतात, ती अशी.

आपण नाशिककर असल्यामुळे आणखी एक गोष्ट आपल्याला जवळून दिसते. दशक्रियेच्या पत्रिकेवर ‘कै. अमुक यांचा दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे’ असं छापलेलं असतं. त्या सकाळी गंगेवर गेलं (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो) की गुरुजी त्याच व्यक्तीचं नाव आणि गोत्र उच्चारून पुढे ‘प्रेत’ म्हणतात. घरच्या लेकीबाळींना तो शब्द टोचतो. पण प्रेत म्हणजे प्र + इत, पुढे निघून गेलेला. शब्दाचा मूळ अर्थ इतका साधा आहे. मराठीत तो मढ्याला चिकटला आणि ‘भूतप्रेत’ या जोडीत भुताला. विधीच्या भाषेत मात्र प्रेत म्हणजे वाटेत असलेला, अजून कुठेच न पोचलेला. सपिंडीकरण झालं, ते बहुधा बाराव्या दिवशी होतं, की तो पितरांत जातो. मग श्राद्धात वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप होतात. म्हणजे दहाव्या दिवशी पत्रिका म्हणते की ते कैलासावर राहायला गेले, गुरुजी म्हणतात की ते वाटेवर आहेत, आणि जमलेले सगळे कावळा कधी शिवतो याकडे डोळे लावून बसतात. घरी परतताना शेजारी म्हणतो, “आत्म्याला सद्गती मिळो.” चार वाक्यांत चार वेगवेगळ्या समजुती येतात आणि कुणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. मला ते दुःखात असलेल्या माणसांचं शहाणपण वाटतं. त्या क्षणी जी आशा हाताला लागेल ती धरायची.

कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो, ‘येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये, अस्तीत्येके नायमस्तीति चैके’. माणूस गेल्यावर ही शंका उरते, काही म्हणतात तो आहे, काही म्हणतात नाही. इथेही शब्द ‘प्रेत’च आहे, आणि त्यात ना भीती आहे ना अमंगळपणा. चार्वाकांनी त्या शंकेचं उत्तर एका ओळीत देऊन टाकलं, ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’. राख झालेला देह परत कुठून येणार? हे दोन्ही सूर आपल्याच परंपरेतले आहेत. तेव्हा सगळ्या हिंदूंना तरी एकच उपपद चालेल, हा समजही टिकत नाही.

आता पाटीवरच्या इतर नावांकडे येऊ. कैलासवासीच्या साच्यात मराठीने दोन शब्द ओतले, पैगंबरवासी आणि ख्रिस्तवासी. नीट पाहा, कैलास, वैकुंठ, स्वर्ग ही ठिकाणं आहेत, तिथे ‘वास’ करता येतो. पैगंबर आणि ख्रिस्त या व्यक्ती आहेत. ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत हा शब्द तरीही नीट बसतो, कारण विश्वासणारा ‘ख्रिस्तामध्ये’ असतो, मेला तरी त्याच्यातच विसावतो आणि शेवटी उठवला जातो, ही त्या धर्माचीच भाषा आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती घरांनी ‘ख्रिस्तवासी’ आपलासा केला. मुसलमानांच्या बाबतीत तसं होत नाही. इस्लाममध्ये पैगंबर म्हणजे संदेश आणणारा. मेलेला माणूस त्याच्यात किंवा त्याच्याकडे राहायला जात नाही. तो कयामतपर्यंत बरज़ख़ नावाच्या मधल्या अवस्थेत असतो आणि अखेर अल्लाकडे परततो. मृत्यूची बातमी ऐकताच म्हटलं जाणारं ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ हेच सांगतं, आम्ही अल्लाचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार. ‘पैगंबरवासी’ हा शब्द मराठीने आदराने घडवला, त्यामागची भावना चांगली होती, पण त्यातला विचार मराठी हिंदूचा राहिला. जुन्या नाशकातल्या मुसलमान घरांत मी ‘मरहूम’ ऐकत आलो. मरहूम म्हणजे ज्याच्यावर दया झाली तो. त्यात ठिकाण नाही, फक्त दया आहे. मला हा शब्द फार सुंदर वाटतो.

आणि बौद्ध काका. त्यांच्या मुलाच्या वाक्यामागे काय आहे, हे नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला तरी वेगळं सांगायला नको. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या घोषणेत मरणाचा उल्लेख आहे, हे शब्दांकडे पाहणाऱ्याने विसरू नये. 1956 च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. अशा घरातल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लिहिणं म्हणजे त्यांनी जाणूनबुजून नाकारलेलं उत्तर त्यांच्या तोंडी घालणं.

त्यांचा स्वतःचा शब्द आहे, कालकथित. हा शब्द मला बरीच वर्षं कोड्यात टाकत होता. ‘कथित’ म्हणजे सांगितलेला. काळाने सांगितलेला? उलगडा पालीत होतो. पालीत मरण्याला ‘कालं करोति’ म्हणतात, आणि मेलेला तो ‘कालकत’, ज्याने आपला काळ पुरा केला असा. त्या ‘कत’ला म्हणजे संस्कृत ‘कृत’ला मराठीच्या कानाने ‘कथित’ करून घेतलं असावं, असं माझं मत आहे. व्युत्पत्ती कशीही असो, विचार चोख बौद्ध आहे. कुठे गेला हे सांगितलेलं नाही, कारण बौद्ध मतात जाणारा असा नित्य आत्माच नाही. म्हणूनच त्यांच्याकडे पुण्यानुमोदन (मृताच्या नावाने पुण्य अर्पण करण्याचा विधी) होतं, आणि ‘आत्म्यास शांती लाभो’ हे वाक्य तिथे बसत नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं की मुक्त झालेला मेल्यावर कुठे जन्मतो. बुद्धांनी उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती कोणत्या दिशेला गेली म्हणशील? निर्वाण या शब्दाचा अर्थच विझणं. गंमत अशी की तोच शब्द जैनांकडेही आहे, पण तिथे काही विझत नाही. कर्माचं ओझं गेलेला जीव लोकाच्या शिखरावर, सिद्धशिलेवर, अनंत ज्ञानासह कायम राहतो. म्हसरूळच्या गजपंथाला जैन सिद्धक्षेत्र म्हणतात ते अशा मोक्षाला गेलेल्यांमुळे. गावाच्या एका टोकाला बौद्धांची त्रिरश्मी लेणी, दुसऱ्या टोकाला गजपंथ, दोन्हीकडे ‘निर्वाण’ आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. सामान्य जैन गृहस्थाच्या निधनाच्या बातमीत ‘अरिहंतशरण’ येतं, तेही ध्यानात असू द्या.

आता ‘दिवंगत’. बाई, हा शब्द तटस्थ वाटतो, पण तोही मुळात तटस्थ नाही. दिवम् + गत, म्हणजे द्युलोकाला, स्वर्गाला गेलेला. फरक इतकाच की त्यातला स्वर्ग आज कुणालाही ऐकू येत नाही. वर्तमानपत्रं सर्व धर्मांच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसांसाठीही तो वापरतात आणि कुणी हरकत घेत नाही. शब्दाचं मूळ शोधून माणसांच्या चालत्या वापरावर बंदी घालावी, या मताचा मी नाही. ‘दिवंगत’मधला अर्थ झोपलेला आहे, ‘कैलासवासी’मधला जागा आहे. म्हणून पहिला चालेल, दुसरा चालणार नाही.

‘निधन’ मात्र मला सगळ्यांत आवडतो. काही लोक त्याची फोड ‘धन नसणं’ अशी करतात, ती चूक आहे. निधन म्हणजे समाप्ती. सामगायनात, म्हणजे सामवेदाच्या गायनात, सामाचे भाग असतात, हिंकार, प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार आणि निधन. छांदोग्य उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात हे पाच ओळीने येतात. निधन हा गाण्याचा शेवटचा भाग, तो गायक एकत्र म्हणतात. गाणं पूर्ण झालं, एवढंच हा शब्द सांगतो. पुढे काय, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

खेड्यातली बोलीही अशीच आहे. दिंडोरी, निफाडकडे कुणी गेलं की विचारतात, “माती किती वाजता आहे?” मग तिथे दहन असो वा दफन. मुसलमान शेजारीही ‘मिट्टी’ म्हणतो. “मयताला जाऊन आलो” हे हिंदू शेतकरी सहज म्हणतो. मयत हा अरबी शब्द आहे आणि सातबाऱ्याच्या वारसनोंदीत तो सगळ्या जातिधर्मांना सारखाच लागतो. ‘वारले’, ‘गेले’, ‘राहिले नाहीत’ यांतला एकही शब्द पुढच्या मुक्कामाचं नाव घेत नाही. उपपदं देवळांतून, विहारांतून, चर्चमधून आणि मशिदीतून आली. ही साधी क्रियापदं ओसरीवरची आहेत.

तर पाटीसाठी माझं उत्तर असं. एकच शब्द सगळ्यांना लावायचा असेल तर वर मथळा ‘दिवंगत संस्थापक सभासद’ असा एकदाच घ्या आणि खाली नुसती नावं, जन्मवर्ष आणि निधनवर्ष. श्री. आणि श्रीमतीही नकोत. मला स्वतःला मात्र दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटतो. अकराही घरी जाऊन विचारा, “तुमच्याकडे काय लिहितात?” कुणी कै. सांगेल, कुणी वै., कुणी कालकथित, कुणी मरहूम, आणि कुणी म्हणेल काहीच लिहू नका, त्यांनी देहदान केलं होतं. जे सांगतील ते तसंच लिहा. पाटीवर अकरा ओळींत चार-पाच वेगळे शब्द दिसले तर ते वाईट दिसेल, ही भीती बाळगू नका.

पेंटरसाठी दोन सूचना. ‘कालकथित’ ऱ्हस्व थि घालून लिहायचं, ‘कालकथीत’ नाही. आणि त्या मुसलमान गृहस्थांच्या घरच्यांनी ‘पैगंबरवासी’च सांगितलं तर शब्द पूर्ण लिहा. ‘पै.’ लिहिलं तर वाचणारा पैलवान असं वाचेल.