‘धन्यवाद’ पाच वेळा का छापलं गेलं: मेनू, लूप आणि दीड लिटर दूध

तुझ्या दोन्ही आवृत्त्या सकाळी माझ्या मशीनवर चालवून पाहिल्या. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षाचा सी भाषेतला प्रोग्रॅम आहे, घरच्या दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवणारा. मेनूत चार पर्याय: १ आजची नोंद, २ महिन्याचं एकूण, ३ बिल, ४ बाहेर. मेनू एकदाच दिसून प्रोग्रॅम संपायचा, म्हणून पहिल्या आवृत्तीत ‘बाहेर’ सोडून प्रत्येक केसच्या (स्विचमधल्या त्या त्या पर्यायाच्या कामाच्या) शेवटी मेनलाच, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मुख्य फंक्शनलाच, पुन्हा कॉल केलंय. त्याने मेनू परत येऊ लागला, पण एकूण कायम शून्य, आणि बाहेर पडताना ‘धन्यवाद’ पाच-पाच वेळा. सर म्हणाले, “लूप वापर,” आणि पुढच्या बाकाकडे गेले. मग डू-व्हाइल (आधी काम, मग अट तपासणारा लूप) लावलं, तर आता ‘कधीकधी’ मेनू थांबायचं नावच घेत नाही.

आधी ते पाच धन्यवाद, कारण सगळं गुपित तिथेच आहे.

तू मेनला पुन्हा कॉल करतोस तेव्हा तुला वाटतं आपण वर परत गेलो. तसं होत नाही. पहिला मेन आहे तिथेच थांबून राहतो आणि त्याच्या डोक्यावर दुसरा, कोरा मेन उभा राहतो. त्याचं स्वतःचं वेगळं ‘एकूण’ असतं, आणि तू त्यात पहिल्याच ओळीत शून्य घातलेलं असतं. मागची नोंद गेली कुठे? कुठेच नाही. ती खालच्या मेनकडे आहे, पण वरच्याला ती दिसत नाही. तीन नोंदी केल्यास, एकदा एकूण पाहिलंस आणि मग ४ दाबलंस, म्हणजे एकावर एक पाच मेन. सगळ्यात वरचा ‘धन्यवाद’ छापून संपला की त्याच्या खालचा जागा होतो, स्विचमधून बाहेर येतो, तोही ‘धन्यवाद’ म्हणतो, मग त्याच्या खालचा. पाच मेन, पाच धन्यवाद. उद्या वीस वेळा मेनू वापरलास तर वीस येतील, मोजून बघ.

सी भाषेत मेनने स्वतःला बोलावणं नियमबाह्य नाही, म्हणून कंपायलर (आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा) गप्प बसला. सी प्लस प्लसमध्ये मात्र त्याला बंदी आहे. शिवाय प्रत्येक थर स्टॅकची, म्हणजे चालू फंक्शनसाठी राखलेल्या मेमरीची, जागा खातो. लिनक्सवर साधारण ८ एमबी आणि विंडोजवर १ एमबी एवढाच स्टॅक एरवी मिळतो. तुझ्या छोट्या प्रोग्रॅमला तो पुरून उरेल, पण दिवसभर उघडा राहणारा प्रोग्रॅम असा लिहिला तर कधीतरी कोसळणारच.

लूपमध्ये थर चढत नाहीत. तोच मेन, तेच ‘एकूण’, फक्त गाडी त्याच रस्त्याने पुन्हा फिरते. म्हणून लूप लिहायच्या आधी कागदावर तीन गोष्टी ठरवायच्या: एकदाच काय करायचं, दर फेरीला काय करायचं, आणि थांबायचं हे कोण ठरवणार. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे मराठीतच लिहायला लावतो. सीचे कंस नंतर. तुझ्या प्रोग्रॅमचं असं होईल:

एकूण = ०
करत राहा:
    मेनू दाखव
    निवड घे
    निवडीप्रमाणे काम कर
जोपर्यंत निवड ४ नाही
धन्यवाद म्हण

‘एकूण = ०’ ही ओळ चुकून आत गेली तर दर फेरीला पाटी पुसली जाते आणि तुझा जुना आजार लूपमध्येही परत येतो. तू ती बाहेर ठेवलीस, बरोबर केलंस. ‘निवड’ मात्र आधी आतल्या महिरपी कंसात जाहीर केली होतीस आणि कंपायलर म्हणाला की असलं काही मला माहीत नाही. कारण डू-व्हाइलची अट बंद होणाऱ्या कंसाच्या बाहेर असते आणि आत जन्मलेलं चल (व्हेरिएबल) त्या कंसाबरोबरच संपतं. अटीत जे लागणार ते कंसाबाहेर जाहीर करायचं.

साधं व्हाइल की डू-व्हाइल? मेनूला डू-व्हाइलच शोभतं असं माझं मत. मेनू निदान एकदा दिसायलाच हवा, मग अट आधी कशाला तपासायची? साध्या व्हाइलमध्ये सुरुवातीला निवडीत उगाच उणे एक वगैरे भरून ठेवावं लागतं. फक्त डू-व्हाइलच्या शेवटी अर्धविराम लागतो, आणि साध्या व्हाइलच्या अटीनंतर तोच अर्धविराम टाकलास तर लूप रिकामा होतो आणि प्रोग्रॅम जागच्या जागी फिरत बसतो. हे एक टिंब आणि स्वल्पविराम शोधण्यात मी एकदा अख्खं प्रॅक्टिकल घालवलं आहे. पायथनकडे वळलास तर तिथे डू-व्हाइल नाहीच. ‘व्हाइल ट्रू’ (कायम खरी अट) लिहून आतून ब्रेक करतात, म्हणजे लूप तोडतात.

ब्रेकवरून आठवलं. मधे व्हाइल-वनही (सीमधली तशीच कायम खरी अट) करून पाहिलंस, त्यात केस ४ मध्ये ब्रेक असूनही मेनू परत यायचा असं तू लिहिलं आहेस. तो ब्रेक स्विचने खाल्ला. ब्रेक सगळ्यात जवळच्या स्विचला किंवा लूपला तोडतो, आणि तुझ्या बाबतीत जवळ स्विच आहे. लूप बाहेरच्या बाजूला तसाच फिरत राहतो. म्हणून थांबायचा निर्णय लूपच्या अटीत ठेवावा, किंवा केस ४ मधून सरळ रिटर्न करावं. कंटिन्यूचं (‘थेट पुढच्या फेरीला जा’ या आज्ञेचं) मात्र उलटं, त्याला स्विचशी देणंघेणं नाही, तो थेट लूपलाच लागू होतो. कुणी तुला गोटू (दुसऱ्या ओळीवर थेट उडी मारणारी आज्ञा) सुचवेल. १९६८ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्राने गोटूच्या विरोधात पत्र लिहिलं तेव्हापासून तो वाद चालू आहे. आतल्या लूपच्या आतल्या लूपमधून एकदम बाहेर पडायला सीमध्ये गोटू मीही वापरतो, पण मेनूसाठी त्याची काही गरज नाही.

आता ते ‘कधीकधी’. तू लिहिलंस की प्रोग्रॅम नीट चालतो आणि एखाद्या दिवशीच पिसाळतो. तो दिवस मला सापडला: ज्या दिवशी तुमच्याकडे दीड लिटर दूध येतं.

लिटर तू इंट (पूर्णांक) ठेवलं आहेस आणि स्कॅनएफला (कीबोर्डवरून वाचणाऱ्या फंक्शनला) परसेंट-डी, म्हणजे पूर्णांक वाचायची खूण, दिली आहेस. समज, मेनूत १ दाबलंस, प्रोग्रॅमने लिटर विचारले, तू १.५ लिहून एंटर मारलंस. परसेंट-डीला पूर्णांक हवा. तो १ उचलतो, पुढे टिंब दिसलं की थांबतो. लिटर झालं १. ‘.५’ तसंच रांगेत उभं. लूप वर येतो, मेनू छापतो, निवड मागतो. स्कॅनएफ रांगेकडे बघतो तर पुढे टिंब. टिंब म्हणजे आकडा नाही, म्हणून तो काहीही न उचलता परत येतो. तुझ्याकडून काही टाइप होण्याची तो वाटसुद्धा बघत नाही, कारण रांग रिकामी नाही. निवडीत मागचा १ तसाच आहे, म्हणून पुन्हा केस १. पुन्हा लिटर मागितले, पुन्हा तेच टिंब, लिटरही मागचंच १, आणि एकूणात आणखी एक लिटर. मग पुन्हा मेनू. मी पडद्याकडे बघत चहा संपवला तेवढ्यात तुमच्या घरी अख्ख्या तालुक्याचं दूध येऊन पडलं होतं.

एसटीच्या तिकीट खिडकीवर फाटकी नोट घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आण. कारकून नोट घेत नाही, माणूस खिडकी सोडत नाही. कारकून “पुढचे या” म्हणतो आणि समोर पुन्हा तोच. त्याला कुणीतरी हाताला धरून बाजूला करेपर्यंत रांग हलणार नाही. आकड्याच्या जागी अक्षर टाइप केलं तरी नेमकं हेच होतं.

नुसतं लिटर फ्लोट (दशांश संख्या) करून परसेंट-एफ दिलंस तर आजचा दिवस निभावेल. (डबल, म्हणजे जास्त अचूक दशांश, ठेवलंस तर परसेंट-एलएफ लागेल, ते विसरू नकोस.) पण घरातलं कुणी ‘१.५ लि’ असं लिहिलं की ‘लि’ रांगेत अडकलंच. इंटरनेटवर उपाय म्हणून एफफ्लश (साठलेला मजकूर पुढे ढकलणारं फंक्शन) करून त्यात एसटीडीइन (कीबोर्डचं इनपुट) टाका असं जागोजागी सापडेल, आपल्याकडच्या बऱ्याच वह्यांतही ते आहे. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर ते चालायचं. पण सीच्या प्रमाण व्याख्येत एफफ्लश हे आउटपुटसाठी आहे, इनपुटवर त्याने काय करावं हे ठरवलेलंच नाही. तुझ्या मशीनवर चाललं तरी परीक्षेच्या मशीनवर चालेल याची हमी नाही.

माझा सल्ला: आधी अख्खी ओळ घे, मग तिच्यातून आकडा काढ. एफगेट्सने (अख्खी ओळ वाचणाऱ्या फंक्शनने) शंभर अक्षरांच्या अ‍ॅरेमध्ये (सलग कप्प्यांत) ओळ घ्यायची, आणि एसस्कॅनएफने (स्कॅनएफचाच भाऊ, पण कीबोर्डऐवजी ओळीतून वाचणारा) तिच्यातून निवड किंवा लिटर वाचायचे. आकडा निघो न निघो, ओळ रांगेतून गेलेली असते, फाटक्या नोटेसकट. आणि एसस्कॅनएफ किती गोष्टी वाचता आल्या ते परत सांगतो, ते उत्तर टाकून देऊ नकोस. १ आलं तर आकडा मिळाला. नाहीतर “नीट आकडा टाका” म्हणून पुढची फेरी. स्कॅनएफही हेच सांगत होता, आपणच कधी विचारत नाही.

आणखी एक. बाहेर पडायला ४ ऐवजी ० ठेव. उद्या ‘नोंद दुरुस्त करा’ हा पर्याय वाढवशील, मग बाहेरचा आकडा ५ होईल, आणि तो मेनूत, केसमध्ये आणि अटीत अशा तीन ठिकाणी बदलावा लागेल. यातली अट हमखास राहून जाते. शून्य जागचा हलत नाही. मात्र शून्य ठेवलंस तर आकडा काढायला एटूआय (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) वापरू नकोस. एटूआयला आकडा सापडला नाही की तो शून्यच देतो, म्हणजे कुणी नुसतं एंटर मारलं तरी प्रोग्रॅम धन्यवाद म्हणून निघून जाईल. आणि ‘निवड’ला सुरुवातीलाच उणे एक दे. दर फेरीच्या आरंभीही पुन्हा उणे एक कर, म्हणजे वाचन फसलं तरी मागची निवड पुन्हा चालणार नाही. मघाशी डू-व्हाइलला याची गरज नाही म्हणालो होतो, ती लूपमध्ये शिरण्यापुरती. इथे कारण वेगळं आहे.

शेवटचा खड्डा परीक्षेत कुणी विचारत नाही, पण मी त्यात पडलो आहे. इनपुट संपूही शकतं. लिनक्सवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर, किंवा कीबोर्डऐवजी फाइलमधून इनपुट दिलं तर फाइल संपणं. तेव्हा एफगेट्स नल (‘काही मिळालं नाही’ ही खूण) परत करतो. ते तपासलं नाहीस तर ‘चुकीचा आकडा, पुन्हा टाका’ हे कायमचं चालू. पहिल्या नोकरीत माझा असाच एक मेनूवाला प्रोग्रॅम रात्री फाइलवरून चालवायला लावला होता. एक ओळ कमी पडली. सकाळी आलो तर लॉगने डिस्क भरलेली, आणि साहेब माझ्याच खुर्चीत बसलेले. तेव्हापासून नल आला की लूपमधून बाहेर, हे माझे हात आपोआप लिहितात. तूही एफगेट्स जिथे वापरशील तिथे, निवडीसाठी आणि लिटरसाठी दोन्हीकडे, ते लिही.

बदल केलेस की पाच गोष्टी टाइप करून बघ: १.५, कुठलंही अक्षर, नुसतं एंटर, ९९, आणि शेवटी कंट्रोल-डी. पहिला लिटर विचारल्यावर टाक, बाकीचे मेनूवर. दीड लिटर एकूणात दीडच दिसले, मधल्या तिन्हींना मेनू एकेकदाच परत आला आणि शेवटी ‘धन्यवाद’ एकदाच छापलं गेलं, तर सरांना दाखवायला हरकत नाही. नाहीतर नवी आवृत्ती इथेच टाक, संध्याकाळी बघतो.