मुलगी माझ्याकडे पाठ फिरवते

सिस्टरांना विचारा
(उत्तरं देतात, मुंबईत लहान मुलांच्या हृदयविभागात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या आणि आता हर्णैला राहणाऱ्या आपल्या सिस्टर.)

प्रश्न: माझी मुलगी चार वर्षांची. जरा धावली की ओठ जांभळे पडायचे आणि ती उकिडवी बसायची. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज आला, पुढे टीओएफ (टेट्रालॉजी ऑफ फॅलो, हृदयाचा जन्मजात दोष) निघालं. मुंबईला योजनेतून ऑपरेशन झालं. घरून निघताना तिला ‘मुंबई बघायला जातोय’ एवढंच सांगितलं होतं. आता ती आयसीयूतून वॉर्डात आलीय, छातीतल्या नळ्या अजून आहेत. सारखी ‘माका पाणी व्हया’ म्हणते आणि पाणी तर मोजून द्यायचंय. ओठ गुलाबी दिसतात, ते बघून देवाला हात जोडते. पण ती माझ्याशी बोलत नाही. जवळ गेले की ‘तू भायर जा’ म्हणते आणि भिंतीकडे तोंड करते. बाबांच्या हातून जेवते, माझ्या हातून नाही. मशीनवर ठेवलं म्हणून डोक्यावर परिणाम झाला असेल का? घरचे म्हणतात, देवाला गाऱ्हाणं घाला.
एक आई, आचरा (ता. मालवण)

उत्तर: बाय, गाऱ्हाणं जरूर घालूदेत, त्याने कुणाचं वाईट होत नाही. पण तुझ्या मुलीला बाधा झालेली नाही. ती रागावलीय, आणि तुझ्यावर रागावलीय कारण तुझ्यावर रागावलं तरी तू कुठे जाणार नाहीस हे तिला पक्कं ठाऊक आहे. नर्सवर रागवायची तिला भीती वाटते. तुझी वाटत नाही.

तिच्या बाजूने बघ. मुंबई बघायला निघाली आणि जाग आली तेव्हा घशात नळी, छातीत नळ्या, मानेत आणि हातात सुया. नळी ओढू नये म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेले. रडायला गेली तर आवाज निघेना, कारण श्वासाची नळी स्वरयंत्रातून जाते. आणि तू शेजारी नाहीस, कारण आयसीयूत आईला थोडाच वेळ सोडतात. त्या पोरीने काय समजायचं?

म्हणून पहिलं काम हे, की आता तिला सगळं खरं सांग. ‘तुझ्या छातीत दुखणं होतं, म्हणून तू धावताना दमायचीस. डॉक्टरांनी ते दुरुस्त केलं. तेव्हा तू झोपली होतीस. मी दाराबाहेर बसले होते. तुला आधी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही.’ चार वर्षांच्या मुलाला इतकं कळतं. एखादी बाहुली असली तर तिच्या छातीवर पट्टी लाव, आणि तुझी मुलगी त्या बाहुलीला काय काय करते ते बघत राहा. मध्ये बोलू नकोस. टोचू दे, ओरडू दे.

आणि इथून पुढे एकही खोटं नको. ‘सुई नाही हं देणार’ असं कुणालाही बोलू देऊ नकोस, मावशीला नाही, आजीला नाही. ‘टोचणार आहे, दुखेल, दहा म्हणेपर्यंत संपेल’ असं सांग आणि दहा म्हण. चहाला जाताना ती झोपल्यावर गुपचूप उठू नकोस, सांगून जा आणि सांगितलेल्या वेळी परत ये. नळी काढायच्या दिवशी तर हे फार महत्त्वाचं. काढताना दुखतं, म्हणून आधी दुखणं कमी करणारं औषध देतात, ते कधी देणार ते तू सिस्टरला विचारून ठेव. छातीतून रंगीत बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतील. ठोके बिघडले तर बाहेरून पेसमेकर जोडायला त्या असतात, घरी जायच्या आत त्याही काढतात.

वेंगुर्ल्याकडचा एक मुलगा माझ्या वॉर्डात होता, आईला हात लावू देत नसे. ती बाई कॉटशेजारी स्टुलावर बसून अबोलीचे गजरे करायची. ‘बोल ना रे’ नाही, की रडणं नाही. औषधाची वेळ झाली की सांगायची, आणि पुन्हा फुलांकडे वळायची. एका दुपारी त्याने चादरीतून पाय बाहेर काढून तिच्या गुडघ्याला टेकवून ठेवला. तिने पायाकडे बघितलंही नाही. मला ती बाई फार शहाणी वाटली. बाबांच्या हातून जेवते तर जेवू दे, तू शेजारी बसून तुझं ताट खा.

डोक्याचं विचारलंस ते बरं केलंस. हार्ट-लंग मशीन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. त्याच्यावर असताना मेंदूला रक्त आणि प्राणवायू मिळत राहतो. बाबांशी बोलते, पाणी मागते, तुला ओळखून हाकलते, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. एका बाजूचा हात-पाय कमी हलवते, आकडी आली, नजर एकीकडेच लागली, तर मात्र त्याच क्षणी सांगायचं. आणखी एक गोष्ट असते. आयसीयूतून आलेली काही मुलं संध्याकाळी बरळतात, भिंतीवर किडे दिसतात म्हणतात, मध्येच अगदी नीट वागतात. त्याला डिलिरियम म्हणतात. बहुतेक वेळा काही दिवसांत ते जातं, पण डॉक्टरांना कळलं पाहिजे. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद, उशाशी घरची गोधडी, याचा त्यात फार उपयोग होतो.

आता पाणी. तिची तहान खरी आहे. मशीनवरच्या ऑपरेशननंतर अंगात पाणी साठतं, चेहरा सुजतो. टीओएफमध्ये हृदयाचा उजवा कप्पा आधीच जाड आणि ताठर झालेला असतो, तो नव्या कामाला रुळेपर्यंत छातीत पाणी जमत राहतं. नळ्या राहिल्यात त्या बहुधा यासाठीच. म्हणून पेज, दूध, सलाईनमधून जाणारं औषध, सगळंच त्या मापात धरतात. सकाळी सिस्टरकडून दिवसाचा वाटा विचारून बाटलीत भरून ठेव आणि औषधाच्या टोपणाने दे. कधी प्यायचं ते तिला ठरवू दे, कारण सध्या तिच्या हातात दुसरं काहीच नाही. मधल्या वेळी ओला कापूस ओठांना लाव. भेटायला येणारे शहाळं आणतील, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि लघवी होण्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही रक्तातलं पोटॅशियम वाढतं. लोणचं, पापड, सुकट तर नकोच, मिठाने पाणी धरून राहतं. नळीतलं पाणी कधी दुधासारखं पांढरं दिसलं तर दाखव. मग काही आठवडे तेल-तूप अगदी कमी करावं लागतं.

तिला चालव. नळीची बाटली छातीच्या खाली धरून वॉर्डात एक फेरी. साबणाचे फुगे किंवा भिरभिरं फुंकायला दे, त्याने फुप्फुसं उघडतात. खोकताना उशी छातीशी धरायला शिकव. तिला काखेत हात घालून कधीच उचलायचं नाही. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं आहे, ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात बुडाखाली, एक पाठीमागे, असं उचलायचं. हाडाच्या त्या तारा आत राहतात, त्याची काळजी नको.

डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या तुतारी एक्स्प्रेसचं कणकवलीचं तिकीट काढू नका. पहिली तपासणी होईपर्यंत मुंबईतल्या नातेवाइकांकडे राहा. पुढे घरी गेल्यावर काही आठवड्यांतही ताप, छातीत दुखणं, धाप, चेहऱ्यावर सूज असं काही दिसलं तर ‘हवा बदलली’ म्हणून थांबायचं नाही. हृदयाभोवती पाणी साठल्याचीही ती लक्षणं असू शकतात. डिस्चार्जच्या कागदाची प्रत आधीच गावाजवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे देऊन ठेवा. रात्री दचकून उठेल, अंथरूण ओलं करेल, बाटलीने दूध मागेल. रागवू नका. काही आठवडे असं चालतं.

या दोषाची पहिली संपूर्ण दुरुस्ती अमेरिकेत १९५४ साली झाली. लहानपणी ऑपरेशन झालेल्या कितीतरी मुली आज स्वतः आया आहेत. तपासणी मात्र जन्मभर करायची, हृदयाच्या झडपेवर लक्ष ठेवावं लागतं.

प्रश्न: माझा नातू दीड वर्षाचा, हृदयातल्या पडद्याचं भोक पॅच (ठिगळ) लावून बुजवलंय. दोन महिने झाले. व्रणाला तेल-हळद लावू का? आशाताई गोवराच्या दुसऱ्या डोसला बोलावतात, नेऊ का?
एक आजी, पालशेत (ता. गुहागर)

उत्तर: आजी, हातापायांना तेल खुशाल चोळा. व्रणावर तेल, हळद, पावडर काही नको, सर्जन सांगतील तेव्हाच. लाली, पाणी, वास आला तर लगेच दाखवा. ऑपरेशनच्या वेळी रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर गोवराची लस नीट लागू पडत नाही. म्हणून ती बहुधा सहा-सात महिने पुढे ढकलतात. आशाताईंना डिस्चार्जचा कागद दाखवा आणि तारीख हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. डीपीटीसारख्या लशींना ही अडचण नसते. आणि दात घासायला आत्तापासून लावा, किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात. पॅच लावल्यावर पहिले सहा महिने दात काढायची वेळ आली तर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, म्हणून दातांच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं पहिल्यांदा सांगा.