नाव बदलू नकोस, तापी

शिरपूरहून तू विचारलंस, फिनलंडला निघण्याआधी राजपत्रात ‘तापी’चं ‘तान्या’ करून घेऊ का, तिकडे हे नाव कुणाला जमेल का. माझंही नाव तापीच, म्हणून सविस्तर लिहिते.

बदलू नकोस. आता हे नाव जुनाट वाटतं, पण माझ्या लहानपणी तापीकाठच्या प्रकाशा गावी आमच्या एका गल्लीत तीन तापीबाई होत्या. आषाढ शुद्ध सप्तमीला, नदीच्या जन्मदिवशी, आजी आधी घाटावर नदीची ओटी भरायची, मग घरी येऊन मला ओवाळायची. कॉलेजात मी नाव सांगायला लाजायला लागले तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘नदीनं नाव शे हाई.’ म्हणजे, हे नदीचं नाव आहे.

इकडे आले त्याच आठवड्यात एस्पोला मेट्रोतून उतरले, तर भिंतीवर मोठ्या अक्षरात ‘तापिओला’! मी तिथेच उभी राहिले. तापिओ हा फिनिश लोकांचा वनदेव. ‘कालेवाला’ या त्यांच्या महाकाव्यात शिकारीला निघालेले त्याला साकडं घालतात. शेवटचा ‘ला’ म्हणजे ठिकाण, म्हणजे तापिओचं घर. पुरुषांमध्ये हे नाव इतकं रुळलंय की माझ्या ऑफिसातच दोन तापिओ निघाले, आणि कित्येकांचं दुसरं नाव तेच. आपली तापी ‘तप’वरून आलेली, सूर्याची लेक, दोन्ही नावांचं मूळ वेगळं. तरी १८ जूनला, तापिओच्या नामदिनी (इकडच्या कॅलेंडरात नावांचे दिवस ठरलेले असतात), माझ्याही टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव होता. मग मी त्यांना नकाशावर मुलताईपासून सुरतेपर्यंत, समुद्राला मिळेस्तोवर, आपली ७२४ किलोमीटरची नदी बोट फिरवून दाखवली.

उच्चाराची काळजी नको, त्यांचे त आणि प आपल्यासारखेच आहेत. स्पेलिंगमध्ये मात्र ‘पी’ एकच ठेव. दोन झाले की त्यांच्या भाषेत अर्थ होतो खुंटी. नाव वाचून काही जण पुरुषाची वाट बघतात, पण समोर गेलं की संपलं. शिवाय इथल्या ओळख क्रमांकात जन्मतारखेनंतरचा तीन आकडी क्रमांक बायकांचा सम असतो, त्यामुळे कागदोपत्री घोळ होत नाही.

घोळ होईल तो नाव बदललंस तर. डिग्रीवर एक, पासपोर्टवर दुसरं, मग प्रत्येक खिडकीवर राजपत्राची प्रत काढून दाखव. त्यापेक्षा पासपोर्टवर आडनाव आडनावाच्याच रकान्यात आहे ना, ते आज बघ. आणि लग्न झालेलं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, निघण्याआधीच करून घे. इथून ते करायला फार वेळ जातो.