सात आठवड्यांच्या पेशंटला डॉप्लर लावायच्या आधी

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. नागपुरात मानेवाड्याला नवं क्लिनिक, सेकंडहँड सोनोग्राफी मशीन, सात आठवड्यांची गरोदर पेशंट. नवरा-बायकोला बाळाचे ठोके ऐकवायला वीस-तीस सेकंद पल्स्ड डॉप्लर (ठोक्यांचा आवाज ऐकवणारा मोड) लावला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआयबी (हाडाजवळ ऊब किती वाढू शकते त्याचा आकडा) २.३, आणि सर्व्हिसवाला सांगून राहिला की "मशीन लिमिटमध्ये आहे, आकड्याकडे बघू नका." मी मशीनच्या बाजूचा माणूस आहे, क्लिनिकल निर्णय तुमचाच.

सर्व्हिसवाला खोटं बोलला नाही, पण त्याचं उत्तर तुमच्या काही कामाचं नाही. तो सांगतो ती लिमिट अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाची: ध्वनीची तीव्रता ७२० मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, बुडबुड्यांमुळे इजा होण्याच्या शक्यतेचा आकडा) १.९. १९९२ च्या आधी गर्भासाठी हीच तीव्रतेची मर्यादा ९४ होती. ती साडेसात पटींहून जास्त वाढवली आणि बदल्यात टीआय (थर्मल इंडेक्स, ऊब किती वाढू शकते त्याचा अंदाज) आणि एमआय स्क्रीनवर दाखवणं आलं. म्हणजे जबाबदारी मशीनवरून तुमच्या डोळ्यांवर आली. "इतक्या वर्षांत कुणाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की लोकांवरचे मोठे अभ्यास बहुतेक त्या जुन्या, कमी आउटपुटच्या काळातले आहेत.

आता तुमचा आकडा. दहा आठवड्यांच्या आत टीआयएस (मऊ ऊतींसाठीचा टीआय) बघायचा, टीआयबी त्यानंतर, हाडं घट्ट व्हायला लागल्यावर. सात आठवड्यांना स्क्रीनवर टीआयबी दिसतोय म्हणजे बहुतेक प्रीसेट (मशीनमध्ये साठवलेली सेटिंग) दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीचा लागलाय. ब्रिटनची सोनोग्राफीवाल्यांची सोसायटी, म्हणजे बीएमयूएसचा तक्ता असा: टीआय ०.७ पर्यंत वेळेचं बंधन नाही, १ पर्यंत ६० मिनिटं, १.५ पर्यंत ३०, २ पर्यंत १५, २.५ पर्यंत फक्त ४, ३ पर्यंत १, आणि ३ च्या वर नकोच. तुमचे वीस-तीस सेकंद त्यात सहज बसतात, त्या पेशंटसाठी झोप उडवू नका. पण रोज, प्रत्येकीला, फक्त आवाजासाठी? माझं मत स्पष्ट आहे: नको. बी-मोडमध्ये, म्हणजे नेहमीच्या राखाडी चित्रात, ध्वनीचा बीम फिरत असतो. पल्स्ड डॉप्लरमध्ये तो एका रेषेवर थांबतो, पल्स लांब असतात आणि जास्त वेळा सुटतात, म्हणून ऊब तिथेच साठते. ठोके मोजायला एम-मोड (एका रेषेवरची हालचाल आलेखात दाखवणारा) पुरतो. फक्त मेजरमेंट सेटिंगमध्ये ठोक्याची एक सायकल आहे की दोन ते बघून घ्या. मशीन दोनवर असेल आणि तुम्ही एकच मोजली तर १६० चे ३२० होतात.

पॉवर कशी उतरवायची: अर्ली ऑब्सचा (सुरुवातीच्या गरोदरपणाचा) प्रीसेट घ्या, आउटपुट ३ डीबीने (डेसिबलने) खाली आणा, टीआय निम्मा होतो. ६ डीबीने टीआय पाव आणि एमआय निम्मा. चित्र काळवंडलं तर गेन आणि टीजीसी (परत आलेला सिग्नल वाढवणारी बटणं) वाढवा, त्याने पेशंटवरचा डोस वाढत नाही. बरेच जण उलटं करतात, आधी पॉवर शंभर टक्के आणि मग चित्र फार पांढरं म्हणून गेन कमी. मग नवीन प्रीसेट वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि डिफॉल्टही तोच ठेवा.

आता मुख्य गोष्ट, जी आम्हाला सगळ्यात महागात पडली. एका सर्व्हिस ऑफिसचा इंजिनिअर पीएमला (ठरावीक मुदतीच्या देखभालीला) आला, सॉफ्टवेअर अपडेट मारलं, यूजर प्रीसेट सगळे उडाले, मशीन फॅक्टरी सेटिंगवर. रिपोर्टवर काय? "पीएम डन, मशीन ओके." बाहेरून काहीच कळत नाही, उलट चित्र आधीपेक्षा झकास, कारण पॉवर पूर्ण! कितीतरी पेशंट तशाच पूर्ण पॉवरवर तपासल्या गेल्या. फोन केला तर उत्तर, "सर, ते तर यूजर सेटिंग आहे, एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) येत नाही." लेखी विचारलं, पोच नाही. एएमसीचे पैसे मात्र आगाऊ.

म्हणून सर्व्हिसवाला दारात आला की आधी प्रीसेटचा बॅकअप पेनड्राइव्हवर. मग तुमच्या अर्ली ऑब्स प्रीसेटवर, तेवढीच डेप्थ ठेवून, टीआय, एमआय आणि पॉवर टक्के दिसतील असा स्क्रीनचा फोटो. तो गेल्यावर तोच फोटो परत. यासाठी पेशंट लागत नाही: टीआय मशीन मोजत नाही, सेटिंगवरून हिशोब करून दाखवतं, त्यामुळे प्रोब हवेत धरूनही तोच आकडा येतो. आकडे जुळले की मगच रिपोर्टवर सही, आणि "प्रीसेट पूर्ववत" हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. कुरकुर करतात, करू द्या.

याच कारणाने टीआयवर आंधळा भरवसाही नको. प्रोबची लेन्स सुटली, चीर गेली, प्रोब स्वतःच तापला, यातलं काहीच त्या आकड्यात दिसत नाही. टीव्हीएस (योनीमार्गे तपासणीच्या) प्रोबला हे विशेष लागू, कारण तो आत असतो. पेशंटला लागणाऱ्या पृष्ठभागाची मर्यादा ४३ अंश आहे. ऑटो-फ्रीझ चालू ठेवा आणि बोलताना, लिहिताना फ्रीझ दाबायची सवय लावा. फ्रीझ केलं की बीम बंद. आणि एप्रिल लागायच्या आत मागची जाळी काढून धूळ साफ करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की मशीन आधीच धापा टाकत असतं.

पेशंटला ताप असेल तर आणखी हात आखडता, कारण सोनोग्राफीची ऊब तापाच्या वर चढते. १.५ अंशापर्यंतची वाढ चालते असं धरतात, पण ते नेहमीच्या तापमानावरून. तापात ती जागा आधीच खर्च झालेली असते. एमआयची चिंता या वयाच्या गर्भात कमी, पोकळ्या तयार व्हायला वायूचे बुडबुडे लागतात आणि गर्भाच्या फुफ्फुसात हवा नसते.

पेशंटने विचारलं तर सरळ सांगा: यात एक्स-रेसारखं रेडिएशन नाही, नेहमीच्या बी-मोड तपासणीने बाळाला इजा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी गरजेपुरतंच करतो. ऑनलाइन मिळणारे घरगुती डॉप्लर घेऊ नका हेही सांगा. आईच्याच नाडीचा आवाज ऐकून लोक निर्धास्त बसतात आणि दवाखान्यात यायला उशीर करतात.

मशीनचं मॉडेल आणि सॉफ्टवेअर व्हर्जन इथे टाका, पॉवरचं बटण कुठल्या मेन्यूत लपलंय ते सांगतो. काही मशीनमध्ये ते डॉप्लर चालू केल्याशिवाय दिसतच नाही.