यवतमाळच्या खेड्यातून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावं का? घरचे म्हणतात, समाजसेवेला डिग्री कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.ए. झालंय, घर खेड्यात, एमएसडब्ल्यू करायचं मनात आहे. नागपूरला जाऊ की जिल्ह्यातच कुठं घेऊ? आणि घरचे विचारतात, गाडगेबाबांनी कुठं डिग्री घेतली होती.

खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यामुळं उत्तर लिहायला बसलो. विदर्भात हे वाक्य इतकं ऐकावं लागतं की कान किटले. गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते, कबूल. पण कीर्तनात तेच सांगायचे ना, की हातावर भाकर घेऊन खा पण पोराला शिकवा? बाबा आमटे वकील होते, आणि कुष्ठरोगाचं काम अंगावर घेतल्यावर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्याचा अभ्यासक्रम करून आले. बंग डॉक्टर नवराबायको 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू करायच्या आधी जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले. ही नावं घेऊन कुणी तुम्हाला शिकण्यापासून अडवत असेल तर त्याला एवढं ऐकवा आणि पुढं चला.

आता कॉलेज. इमारत, वेबसाइट, नॅकचा दर्जा हे सगळं बाजूला ठेवा. केसवर्क, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, हे सगळीकडं सारखंच शिकवतात, आणि परीक्षा पास व्हायला नोट्स मिळतात. एमएसडब्ल्यूची खरी किंमत आठवड्यातल्या फिल्डवर्कच्या दोन दिवसांत आहे. त्या दोन दिवसांत तुम्हाला कुठं पाठवतात आणि परत आल्यावर तुमचा रिपोर्ट कोण वाचतं, एवढंच विचारा. आयसी, म्हणजे पर्यवेक्षकानं विद्यार्थ्याशी एकट्यानं बसून रिपोर्टवर बोलणं, दर आठवड्याला होते की सेमिस्टरच्या शेवटी एकदम सह्या होतात, हे प्राध्यापकांना विचारू नका. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना कॅन्टीनला गाठून विचारा. एका पर्यवेक्षकाकडं किती विद्यार्थी आहेत तेही विचारा. आकडा पंधराच्या वर गेला की तुमचे रिपोर्ट कुणी वाचणार नाही, लिहून घ्या.

रिपोर्ट वाचला जाणं एवढं महत्त्वाचं का, ते एका केसवरून सांगतो.

राळेगाव तालुक्यातलं गाव. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, एकल महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेत फिल्डवर्कची प्लेसमेंट. तिथल्या एका बाईच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं, तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात वारला. मागं बायको, दोन पोरं, सासरा, दीर. पहिल्या गृहभेटीचा रिपोर्ट असा: ‘सेवार्थीच्या घरी भेट दिली. सुसंवाद प्रस्थापित केला. समस्या जाणून घेतल्या. समुपदेशन करून धीर दिला. शासकीय योजनांची माहिती दिली.’ पाच वाक्यं, दीड पान मोठ्या अक्षरात. बऱ्याच कॉलेजांत यावर सही होते आणि तास मोजले जातात.

या रिपोर्टात त्या बाईचं एकही वाक्य नाही. खोलीत कोण कोण होतं, उत्तरं कोण देत होतं, कर्ज कुणाचं, वावर कुणाच्या नावावर, काहीच नाही. आयसीत हे एकेक विचारल्यावर कळलं की सगळी उत्तरं दीर देत होता आणि बाई दाराआड उभी होती. पुढच्या भेटीची वेळ बदलली. सकाळी दहाऐवजी दुपारी तीनला, दीर वावरात असताना, आणि बोलणं घरात नाही, हापशीवर. तिथं ती पहिल्यांदा बोलली: “वावर सासऱ्याच्या नावानं हाय मॅडम, मी काऊन बोलू मधात?” केस खरी इथून सुरू होते. हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरायला पाहिजे. ‘सेवार्थीने मालमत्तेविषयी असुरक्षितता व्यक्त केली’ असं लिहिलं की ते मेलं.

मग कागद. विद्यार्थिनी मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत दोन खेपा मारून आली. दाखला मिळाला नाही, आणि ग्रामसेवक अडवतो असं रिपोर्टात लिहिलं. ग्रामसेवकाचा दोष नव्हता. मृत्यूची नोंद माणूस जिथं मेला तिथं होते, तो कुठला राहणारा होता त्यावर नाही. मृत्यू दवाखान्यात झाला, तर दाखला तिकडूनच आणायचा. दोन आठवड्यांचं फिल्डवर्क या एका गोष्टीत गेलं. चूक साधी होती, पण ती वर्गात कुठल्याच पेपरात येत नाही.

दाखल्यावर नावं तपासा, तिथंच उभं राहून. मृताचं नाव सातबारावर एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं, हे आपल्याकडं नेहमीचं. या बाईच्या आधारवर माहेरचं आडनाव होतं, रेशन कार्डावर सासरचं. बँकेत पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून आधी ते दुरुस्त करावं लागलं. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. त्यामुळं घाईत चुकीचं स्पेलिंग टाकून येऊ नका.

शेतकरी आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज वेगळा. रक्कम 1 लाख, त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं जातं आणि पात्र-अपात्र तिथं ठरतं. कुटुंबात कुणाच्या तरी नावावर शेती आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, आणि ते थकलेलं होतं का, हे बघतात. गावातल्या बिनपरवाना सावकाराचं कर्ज कागदावर नसतं, म्हणून ते धरलं जात नाही. अपात्र ठरलेल्या कितीतरी घरांची गोष्ट एवढीच असते. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लवकर मिळतो. व्हिसेराचा, म्हणजे पोटातल्या अवयवांच्या नमुन्याचा, रासायनिक अहवाल मात्र महिनोन्‌महिने येत नाही, आणि फाइल त्यासाठी थांबते.

आणि इथं विद्यार्थिनीकडून मोठी चूक झाली. ‘तुम्हाला 1 लाख मिळतील’ असं ती बाईला बोलून गेली. चार दिवसांत गावभर झालं. दीर विचारायला लागला, पैसे आले का, कुठं ठेवले. मिळालेलं काही नव्हतं, आणि बाईवर संशय. फिल्डवर रक्कम तोंडातून काढायची नाही. अर्ज दिला, पोच घेतली, पुढची तारीख अमुक, एवढंच बोलायचं. पोचपावतीचा फोटो तिच्याच मोबाइलमध्ये ठेवायचा, दिराच्या नाही.

तोवर घर चालायला पाहिजे म्हणून संजय गांधी निराधारचा अर्ज त्याच आठवड्यात टाकायचा होता. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो, महिना 1,500 मिळतात. इथं पुन्हा सासरा आडवा येतो: एकत्र रेशन कार्ड असलं तर सासऱ्याचं वावर उत्पन्नात धरलं जातं आणि दाखला मर्यादेच्या वर जातो. आधी रेशन कार्ड वेगळं करा, मग उत्पन्नाचा दाखला, मग अर्ज. क्रम चुकला की पहिला दाखला वाया. दारिद्र्यरेषेच्या यादीत घर असेल आणि मृत कमावता माणूस 18 ते 59 वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे 20,000 एकरकमी मिळतात. तो अर्जही त्याच तहसीलच्या खिडकीवर.

वावराचं काय? वारस नोंद लावा असा सल्ला विद्यार्थिनी देऊन आली होती. सासरा जिवंत आणि सातबारा त्याच्या नावावर, तर वारस नोंद कशाची लावणार? जमीन वडिलोपार्जित असेल तर मेलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या बायको-पोरांना येतो, पण तो वाटणीनं मागावा लागतो. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडं, नाही तर दिवाणी कोर्टात. कोर्टाला पैसे कुठून आणू, असं ती म्हणेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मात्र ती त्याच घरात राहते आणि रात्री त्याच घरात झोपते. वाटणी मागायची की नाही आणि कधी, हे तिनं ठरवायचं. उत्साहात तिच्या वतीनं नोटीस धाडणारा विद्यार्थी समाजकार्य करत नसतो, तो तिला घराबाहेर काढत असतो.

आता सांगा, हे सगळं ‘मनात सेवा असली की झालं’ यात बसतं का? पाच वाक्यांच्या रिपोर्टवर सही करणाऱ्या कॉलेजातही बसत नाही, हेही तितकंच खरं. माझं भांडण दोन्हीकडं आहे.

उरलेलं पटापट. यवतमाळ अमरावती विद्यापीठात येतं. नागपूर विद्यापीठात गेलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते आताच काढायला टाका. नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था आणि तिरपुडे ही जुनी नावं. ग्रामीण विकासच करायचा असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूरचा परिसर बघा. तिथं सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म डिग्रीच्या निकालाच्या कितीतरी आधी निघतो. जिल्ह्यातल्या कॉलेजात फिल्डवर्क चांगलं असेल तर नागपूरच्या खोलीभाड्यात पैसे घालू नका. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा. हापशीवर बाई बोलायला लागते तेव्हा तुमची गाडी सुटायची वेळ झालेली असते.

स्पेशलायझेशनमध्ये सोपं म्हणून एचआर घेऊ नका. जिनिंगमध्ये हजेरी लिहायला एमएसडब्ल्यू लागत नाही. 250 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी कायद्यानं ठेवावाच लागतो, ती जागा चांगली, पण तसे कारखाने तुमच्या तालुक्यात किती आहेत ते मोजा. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत राहायची तयारी असेल तर हे वाक्य खोडून टाका. वैद्यकीय-मानसोपचार घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मानसोपचार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूच्या पुढं त्यातली एम.फिल. किंवा तशी मान्य पात्रता लागते. हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही.

नोकरी? उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान), बाल संरक्षण कक्ष, सखी केंद्र (अत्याचारग्रस्त बायांसाठीचं), एचआयव्ही समुपदेशन, सीएसआर (कंपन्यांचं समाजकाम). बहुतेक कंत्राटी, 11 महिन्यांचे करार, पगार उशिरा. घरी कर्ज असेल आणि महिन्याला ठरलेला पैसा लगेच हवा असेल, तर हे दोन वर्षं पुढं ढकला. यात लाज नाही. कॉलेजात मास्तर व्हायचं असेल तर एमएसडब्ल्यूत 55 टक्के सांभाळा, नाही तर नेट या पात्रता परीक्षेला बसता येणार नाही. राखीव प्रवर्गाला 50.

डिझर्टेशनला (लघुप्रबंधाला) शंभर प्रश्नावल्या झाडाखाली बसून स्वतःच भरायचा रिवाज आहे. बारा घरं घ्या, प्रत्येक घरी तीनदा जा.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश झाला की लगेच भरा. जात पडताळणी अजून झाली नसेल तर आज फाइल टाका. आणि प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी एक दिवस तहसीलमध्ये संजय गांधी शाखेच्या बाकावर अकरापासून दोनपर्यंत बसून या. काही करू नका, कुणाला काही सांगू नका. कोण आलं, हातात कुठले कागद होते, कुठला कमी पडला म्हणून परत गेलं, एवढं वहीत लिहा. तुमचा पहिला रिपोर्ट तो.