गरोदर मातांच्या तपासणीला बसणाऱ्या नव्या डॉक्टरला

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

रक्तदाब, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके हे सारे तू चोख तपासशील. मला काळजी आहे ती, घरी मार बसतो का, हे तू विचारशील की नाही याची. मी कित्येक वर्षे विचारले नाही. न्हाणीघरात घसरले म्हणणाऱ्या, सहावा महिना लागलेल्या एका बाईच्या पोटावरचा काळानिळा डाग पाहून मी औषध लिहून दिले. दारात उभा असलेला नवरा तिची किती काळजी घेतो, असेच मला तेव्हा वाटले. ती पुन्हा तपासणीला आली नाही.

म्हणून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला एकटीला भेट. पोट तपासताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचे, हा नियम सर्वांसाठीच ठेवलास तर कुणाला संशय येत नाही. मग सरळ विचार, "घरी कुणी मारते का? पोटावर मारले आहे का?" ती नाही म्हणाली तरी पुढच्या खेपेला विचार, बाळंतपणाला माहेरी जाण्यापूर्वी विचार आणि बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला ती येईल तेव्हाही विचार, कारण सासरी परतल्यावर मार पुन्हा सुरू झालेला मी पाहिला आहे.

हो म्हणाली, तर "मूल झाले की तो सुधारेल" हे वाक्य तुझ्या तोंडून निघू नये. "सोडून दे त्याला" हेही नको, तो निर्णय तिचा आहे. मार वाढत चालला आहे का, त्याने कधी गळा दाबला का, आज घरी जायची भीती वाटते का, एवढे मात्र विचारच. गळा दाबला असेल तर तिच्या जिवाला धोका आहे असे समज. पोटावर मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी तिला काही तास ठेवून घे. वार (प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटल्याची लक्षणे उशिराही दिसतात.

तिचे म्हणणे केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिही. माता-बाल संरक्षण कार्डावर मात्र एक अक्षरही नको. ते घरी जाते आणि तिथे कुणीही वाचते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार नेमलेले संरक्षण अधिकारी तुझ्या भागात कोण आहेत, हे रुजू होताच शोधून ठेव. मुंबईच्या पालिका रुग्णालयांतल्या 'दिलासा' या, मार सोसणाऱ्या बायकांना आधार देणाऱ्या केंद्रांसारखी सोय जवळ असेल, तर तिच्यासोबत स्वतः जा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, तिच्याकडून पाठ करून घे.

तुझी,
बाई