हॅड्रियनची भिंत हीच इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा आहे का? ती पाहायला वेगळा दिवस काढावा का?

तुम्ही लिहिलं आहे की जूनमध्ये लंडनहून रेल्वेने एडिंबराला मुलाकडे जाताय, वाटेत न्यूकॅसलला उतरून ही भिंत बघावी की नाही ते ठरत नाहीये, आणि बघितलीच तर सीमेवर उभं राहून फोटो काढायचा आहे. मी सहा वर्षं न्यूकॅसलला राहते आणि या भिंतीवर कितीदा गेले ते आता मोजत नाही. आधी सीमेचं सांगते.

नाही, ती सीमा नाही आणि कधीच नव्हती. भिंत सगळीच्या सगळी आजच्या इंग्लंडमध्ये आहे. पूर्वेला ती टाइन नदीकाठी वॉल्सेंडला सुरू होते, म्हणजे न्यूकॅसल शहराला लागूनच. तिथून स्कॉटलंडची हद्द उत्तरेला जवळजवळ शंभर किलोमीटर लांब. पश्चिमेला भिंत बोनेस या गावी सॉल्वे खाडीवर संपते आणि तिथे मात्र खाडीपलीकडे स्कॉटलंडचा किनारा डोळ्यांना दिसतो. रोमन सम्राट हॅड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि भिंतीचं काम सुरू झालं. तेव्हा ना इंग्लंड होतं ना स्कॉटलंड. ज्यांच्यावरून इंग्लंडचं नाव पडलं ते अँगल लोक अजून समुद्रापलीकडे होते, आणि ज्यांच्यावरून स्कॉटलंडचं नाव आलं ते स्कॉट मूळचे आयर्लंडकडचे. आजची सीमा पुष्कळ नंतरची आहे. १२३७ च्या यॉर्कच्या तहात ती ढोबळमानाने ठरली, आणि बेरिकसारखं सीमेलगतचं गाव तरीही दोन्हींकडे हिंदकळत राहिलं. ते १४८२ पासून इंग्लंडकडे आहे.

मग भिंत कशासाठी? 'रानटी लोकांना बाहेर ठेवायला' हे शाळेतलं उत्तर मला पुरं वाटत नाही. सुमारे ११७ किलोमीटर लांबीत दर रोमन मैलाला एक चौकी, आणि प्रत्येक चौकीला उत्तरेकडे उघडणारं फाटक. ज्याला कुणाला येऊ-जाऊच द्यायचं नाही, तो दर मैलाला फाटक कशाला ठेवेल? ये-जा व्हावी, पण आपल्या डोळ्यांदेखत, झडती आणि जकात देऊन, असा तो लांबच लांब नाका होता. भिंतीवरच्या हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्याच्या पश्चिमेला थोडं चाललं की ३७ क्रमांकाची चौकी लागते. तिच्या उत्तरेच्या फाटकाच्या कमानीचे दगड अजून उभे आहेत, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकावं तर जमीन तीव्र उताराने खाली जाते. नकाशात प्रत्येक चौकीला फाटक आखलेलं होतं, म्हणून इथेही बांधलं. वरून आलेला आराखडा जागेवरच्या माणसाने निमूटपणे अमलात आणला, हे बघून मला दर वेळी त्या अनामिक गवंड्याबद्दल जवळीक वाटते.

आता दिवस काढावा का? जरूर काढा, जमलं तर दोन काढा. फक्त वॉल्सेंडला जाऊन 'बघितली' असं म्हणू नका. तिथलं संग्रहालय चांगलं आहे, पण भिंतीचा जीव मध्यभागी आहे, जिथे ती व्हिन सिल नावाच्या कातळाच्या धारेवरून जाते. उत्तरेला सरळ तुटलेला कडा, दक्षिणेला गवताळ उतार. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हा दगड ओळखीचा वाटतो, आणि तो नात्यातलाच आहे: आपला बेसाल्ट जमिनीवर वाहत येऊन थिजला, हा त्याच जातीचा रस जमिनीच्या आतच थरांमध्ये शिरून थंड झाला. कोट्यवधी वर्षं आधी, एवढंच. भिंत अखंड मात्र कुठेच मिळणार नाही. तिचे दगड आसपासच्या शेतांच्या बांधांत, घरांत आणि मठांत गेले. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणायच्या उठावात, सरकारी फौजेला न्यूकॅसलहून पश्चिमेकडच्या कार्लाइलला वेळेवर पोचता आलं नाही म्हणून पुढे जो रस्ता बांधला, त्याने तर कित्येक मैल भिंतच पाडून पायाखाली घातली. त्या रस्त्याला लोक अजून मिलिटरी रोड म्हणतात आणि तुमची बस त्यावरूनच जाईल. जे उरलं त्यातलं बरंच जॉन क्लेटन या न्यूकॅसलच्या वकिलामुळे उरलं. एकोणिसाव्या शतकात त्याने भिंतीलगतची शेतं एकेक करून विकत घेतली आणि पडलेले दगड पुन्हा रचून घेतले.

मला हे सगळं नीट कळलं ते बाबांमुळे. बाबा वाईचे. पांडवगड, वैराटगड, कमळगड लहानपणापासून पायाखालचे, आणि नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात. ते इकडे आले तेव्हा मी त्यांना हाउसस्टेड्सच्या किल्ल्यावर घेऊन गेले. रस्त्यापासून पाऊण किलोमीटरची चढण, दोन्हीकडे मेंढ्या, वारा असा की टोपी हातातच धरावी लागते. वर पोचल्यावर मी त्यांना वेशी, बराकी, धान्याचं कोठार दाखवायला लागले. कोठाराची जमीन दगडी खांबांवर उचललेली आहे, खालून वारा खेळावा आणि धान्याला ओल लागू नये म्हणून. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, "ते राहू दे. पाणी कुठंय?"

मी इतक्यांदा आले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आठशेच्या आसपास शिपाई राहायचे इथे, आजच्या बेल्जियमकडून आलेली तुंग्रियन लोकांची तुकडी, आणि धारेवर ना विहीर ना झरा. बाबा स्वतःच शोधायला निघाले. त्यांना तटाच्या आतल्या बाजूला टाकं सापडलं: मोठमोठ्या घडीव फरशा उभ्या करून, कडांना खाचा पाडून एकमेकींत बसवलेल्या, आणि सांध्यांत शिसं ओतलेलं. छपरांवरचा पाऊस पन्हळींतून यात उतरायचा. "आपण कातळ खोदतो, यांनी पेटी बांधली," बाबा म्हणाले. त्यांनी त्या सांध्यावरून बोट फिरवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. मग उताराच्या दिशेने चालत ते आग्नेय कोपऱ्यात, किल्ल्याच्या सगळ्यात खालच्या जागी पोचले. तिथे शिपायांचं शौचालय आहे, ब्रिटनमधल्या उत्तम टिकलेल्या रोमन शौचालयांपैकी एक. दोन्ही भिंतींलगत खोल चर, त्यावर एके काळी लाकडी बैठकी, मधल्या फरशीवर स्वच्छतेसाठी वाहत्या पाण्याची बारीक पन्हळ, आणि शेजारीच टाकं, म्हणजे साठलेलं पाणी उताराने येऊन घाण तटाबाहेर नेणार. वरच्या कोठारापेक्षा बाबा इथे जास्त वेळ उभे होते. तुम्हीही हाउसस्टेड्स असंच बघा. फलक वाचत वेशीपासून सुरुवात करू नका, पाण्याच्या मागे मागे जा. किल्ला आपोआप उलगडतो.

दुसरी जागा विंडोलांडा, भिंतीच्या थोडी दक्षिणेला. हा तळ भिंतीच्याही आधीचा. इथल्या ओल्या, हवाबंद चिखलात चामड्याचे हजारो जोडे टिकले, त्यांत लहान मुलांचेही आहेत. आणि १९७३ मध्ये इथे पातळ लाकडी पट्ट्या सापडायला लागल्या, शाईने लिहिलेल्या. एका अधिकाऱ्याच्या बायकोने, क्लॉडिया सेव्हेराने, दुसऱ्या तळावरच्या मैत्रिणीला सुल्पिशिया लेपिडिनाला वाढदिवसाचं बोलावणं धाडलं आहे, साधारण इ.स. १०० च्या सुमाराचं. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या मायेच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन अक्षर जगात फारच थोडं आहे. दुसऱ्या एका पट्टीवर कुणाला तरी पायमोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद आहे. इथला वारा एकदा अंगावर घेतला की त्या नोंदीचं मोल कळतं. आणि एका हिशेबात एका शिपायाच्या नावावर मिरी मांडली आहे, दोन देनारी, म्हणजे रोमन चांदीची दोन नाणी. मिरी तेव्हा येत होती ती आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून. या वाऱ्यावावटळीच्या, साम्राज्याच्या शेवटच्या टोकावर कुणीतरी आपल्या जेवणात केरळची मिरी घालत होतं! त्या काचपेटीसमोर मी दर वेळी थांबते. मूळ पट्ट्या बऱ्याचशा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, तेव्हा लंडनमध्ये असतानाच तिथे जाऊन या.

वेळ उरला तर कॅरॉबरा इथलं मिथ्राचं छोटं देऊळ रस्त्यालगतच आहे. मिथ्रा हा इराणी देव, म्हणजे आपल्या वेदातल्या मित्राचा नावबंधू, आणि इथे त्याची पूजा रोमन शिपाई करत. शेजारी कोव्हेंटिना या देवीचा झरा होता. त्यात तेरा हजारांवर नाणी निघाली. पुलावरून नदीत नाणं टाकणाऱ्या आपल्या आजीला हे सांगायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

सायकॅमोर गॅप या भिंतीवरच्या खिंडीतलं प्रसिद्ध झाड मात्र आता नाही, जुन्या फोटोंवर जाऊ नका. २०२३ च्या सप्टेंबरात दोघांनी ते रात्री कापलं. इथली माणसं खरोखर रडली. बुंध्याला पुन्हा कोंब फुटले आहेत.

जायचं कसं? न्यूकॅसलला मुक्काम करा. सकाळी कार्लाइलकडे जाणारी गाडी धरून हेक्समला उतरा. तिथून एडी१२२ नावाची बस भिंतीच्या बाजूने जाते, नंबरात भिंतीचं सालच आहे. ती दिवसाला मोजक्याच फेऱ्या करते आणि वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून परतीची वेळ आधी लिहून ठेवा. पहिल्या दिवशी हाउसस्टेड्स आणि तिथून पश्चिमेला धारेवरून जमेल तेवढं चालणं, दुसऱ्या दिवशी विंडोलांडा. एकच दिवस असेल तर सकाळी विंडोलांडा आणि दुपारी हाउसस्टेड्स जमतं, पण चालायला वेळ उरत नाही. गुडघे दुखत असतील तर आधी विंडोलांडा घ्या, धारेवरच्या पायऱ्या उंच आणि ओबडधोबड आहेत. जून असला तरी वाऱ्याचं जाकीट हवंच, आणि छत्री आणू नका, ती उलटी होते. भिंतीवर चढायचं नाही, बाजूने चालायचं. संध्याकाळी हेक्समला गाडीला वेळ असला तर तिथल्या चर्चचं तळघर बघा. सातव्या शतकात ते रोमन दगडांनीच बांधलं, कोरीव नक्षीसकट.

आणि तुमचा सीमेचा फोटो. न्यूकॅसलहून एडिंबराच्या गाडीत उजव्या हाताची खिडकी घ्या, समुद्राकडची. बेरिकला गाडी ट्वीड नदीवरच्या उंच कमानींच्या पुलावरून जाते तेव्हा बहुतेकांना वाटतं की हीच सीमा, आणि ते मोबाइल ठेवून देतात. तुम्ही ठेवू नका. स्टेशन सुटल्यावर काही मिनिटांनी, कड्याच्या काठाने समुद्र अगदी रुळांशी येतो तिथे, रुळाशेजारी हद्दीची पाटी आहे. गाडी वेगात असते आणि पाटी क्षणभरच दिसते, म्हणून स्टेशन सुटलं की मोबाइल हातातच धरून बसा.